पुणे ते बंगळुरू, मे महिना, तीन घोडे : कॅप्टनला ताप नेमका कुठे चढला

आमची पुण्याबाहेर छोटी पागा आहे. नऊ घोडे, रायडिंग शिकायला येणारी पोरं, आणि त्यातले तीन-चार जण जे खरंच शो जंपिंगच्या स्पर्धेत उतरतात. मे महिन्यात पुण्यात कोणी शहाणा माणूस दुपारी घोडा बाहेर काढत नाही, पण बंगळुरू तीन हजार फुटांवर आहे, तिकडे मे-जूनमध्येही संध्याकाळी हवा गार होते, म्हणून उन्हाळ्यातल्या स्पर्धा तिकडे भरतात आणि आपण इकडून घोडे घेऊन जायचं. म्हणजे स्पर्धेची जागा गारच असते हो, घोळ मधल्या साडेआठशे किलोमीटरचा आहे.

मागच्या वर्षी आमचा एक घोडा, कॅप्टन, या प्रवासात आजारी पडला, चांगलाच पडला. तेव्हापासून बरेच जण विचारतात की उष्माघात झाला होता का. नाही. उन्हाचा हात होता, पण उन्हाने एकट्याने नाही केलं, आणि जे केलं त्यातलं निम्मं आम्ही आमच्या हाताने केलं. तेच लिहितेय, वेळ आणि आकडे जमतील तेवढे देऊन, कारण मामांनी (आमचे मोतद्दार, पण सगळी पागा त्यांना मामाच म्हणते) वहीत सगळं टिपून ठेवलं होतं.

आधी घोडे. कॅप्टन, नऊ वर्षांचा, रेसकोर्सवरून रिटायर होऊन आमच्याकडे आलेला थरोब्रेड (शर्यतीच्या घोड्यांची जात), खच्ची केलेला, वजन ४६० किलोच्या आसपास. उडी एकदम साफ, स्वभाव खत्रूड, शेजारी घोडा उभा केला की त्याला चावतो. हे चावणं लक्षात ठेवा, पुढे लागेल. दुसरी गौरी, सात वर्षांची घोडी, तीही थरोब्रेड, पोटापुरतं खाणारी आणि कुठलंही पाणी पिणारी. तिसरा बटाटा. हे तट्टू आहे, खांद्यापाशी जेमतेम सव्वाचार फूट, नाव पोरांनी ठेवलंय.

कागदपत्रं व्यवस्थित होती. ग्लँडर्स आणि ईआयए (दोन्ही घोड्यांचे संसर्गजन्य आजार) यांसाठी रक्त हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात पाठवून रिपोर्ट आणलेले, इन्फ्लुएंझा आणि धनुर्वाताची लस झालेली, डॉक्टरांचं प्रवासाचं फिटनेस सर्टिफिकेट. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि घोडा पॉझिटिव्ह निघाला तर त्याला मारावंच लागतं, त्यामुळे या कागदांना कंटाळू नये एवढंच म्हणेन आणि पुढे जाते.

प्लॅन काय होता आणि झालं काय

प्लॅन असा की सोमवारी रात्री ८ ला निघायचं, रात्रभरात कोल्हापूर, निपाणी, बेळगाव करत सकाळी ६ पर्यंत धारवाड, तिथे एका ओळखीच्यांच्या शेतावर घोडे उतरवून दिवसभर झाडाखाली ठेवायचे, आणि संध्याकाळी परत भरून पहाटे बंगळुरू. दोन टप्पे. घोडे भरलेली गाडी ताशी ४५-५० च्या वर नेत नाही आम्ही, कारण प्रत्येक ब्रेकला आणि प्रत्येक वळणाला घोडा पायावर तोल सावरत असतो, त्याच्यासाठी प्रवास म्हणजे बसून राहणं नाही, जवळपास तेवढा वेळ चालत राहण्याइतकी मेहनत आहे.

झालं काय, तर फ्लोट (फ्लोट म्हणजे मोठा ट्रकच, आत पार्टिशन, रबर मॅट आणि खिडक्या केलेल्या) आधीच्या फेरीवरून यायला उशीर. ८ चे १० झाले, १० चे १२, आणि घोडे भरून आम्ही हललो रात्री दीड वाजता. त्याच क्षणी मी ट्रिप एक दिवस पुढे ढकलायला हवी होती. नाही ढकलली, कारण एंट्री भरलेल्या, पोरांचे आईबाप आधीच ट्रेनने निघालेले, आणि ड्रायव्हरकाका म्हणाले की ताई, धारवाडला दिवस कशाला घालवता, एका दमात मारू, रात्री अकरापर्यंत पोचवतो. मी हो म्हणाले. दोष काकांचा नाही, हो मी म्हणाले होते.

अजून एक गोष्ट. फ्लोट ८ ला येणार म्हणून संध्याकाळी ५ ला घोड्यांना चंदी (दाण्याचा खुराक) दिली होती, रोजच्यासारखी भरपूर, वर कोंड्याचा मॅश. मग उशीर होतोय म्हणून रात्री ११ ला कोणीतरी परत थोडी चंदी टाकली, "उपाशी नको जायला" म्हणून. प्रवासाच्या आधी दाणा कमी आणि गवत जास्त हवं, कारण गवत पोटात पाणी धरून ठेवतं, घोड्याचं मोठं आतडं म्हणजे पाण्याची टाकीच आहे. आम्ही उलटं केलं.

भरताना क्रम असा : पुढे केबिनच्या मागे कॅप्टन, मध्ये गौरी, मागे बटाटा. कॅप्टन चावतो म्हणून त्याचा दोर आखूड बांधला, इतका आखूड की त्याला मान खांद्याच्या खाली नेता येत नव्हती. गवताची जाळी तोंडासमोर, सुकं गवत. गौरीला दोर सैल. बटाट्याला काय, ते उभं राहिलं तरी त्याची मान इतरांच्या छातीशी.

रस्ता

खंबाटकी घाट चढताना अजून रात्र होती, हवा छान. कोल्हापूरच्या बाहेर पोचलो सकाळी पावणेसातला, तिथे पाणी दाखवलं. गौरी ९ लिटर, बटाटा ४, कॅप्टन ३. आम्हाला वाटलं ठीक आहे, सकाळ आहे, तहान नसेल. कोगनोळी नाका, तवंदी घाट, बेळगाव बायपास, हुबळीच्या बाहेर आलो तोवर पावणेबारा. परत पाणी. गौरी ८, बटाटा ५, कॅप्टनने बादलीत तोंड घातलं, ओठ ओले केले, आणि डोकं वर. २ लिटर फार तर. हुबळीच्या पेट्रोल पंपावरचं पाणी होतं, बोअरचं, थोडं खारट. माणसाला चाललं असतं. घोड्याला पाण्याचा वास-चव बदलली की तो तोंड फिरवतो, आणि थरोब्रेड तर जास्तच.

मे महिन्यात आमच्या पागेत कॅप्टन दिवसाला ३५-४० लिटर पितो. इथे दहा तासात ५ लिटर. वहीत आकडा लिहिलेला आहे, मी वाचलाही, आणि डोक्यात घंटा वाजली नाही. कारण तो शांत उभा होता ना. घाम फारसा नाही, ओरड नाही, लाथा नाहीत.

मग हावेरीच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं आणि पुढे ट्रक उलटला होता. दुपारी १ वाजून २० मिनिटांनी आम्ही थांबलो आणि ३ वाजून १० मिनिटांनी हललो. एक तास पन्नास मिनिटं. झाड नाही, शेड नाही, दोन्ही बाजूला ट्रक.

फ्लोट चालतो तेव्हा खिडक्यांतून वारा येतो, बाहेर ३७ डिग्री असलं तरी वाऱ्याने घाम सुकतो आणि घोडा गार होत राहतो. गाडी थांबली की तो वारा बंद, आणि आत तीन घोडे म्हणजे तीन शेगड्या, त्यात पत्रा तापलेला. मी तीनेकशे रुपयांचं एक तापमान-आर्द्रता दाखवणारं यंत्र आत टांगलं होतं. बाहेर ३७, आत ४१. आर्द्रता ४५ टक्के.

आम्ही काय केलं? पाणी मारलं. फ्लोटमध्ये कॅन भरून ठेवलेले होते, मामांनी आणि मी मगाने तिघांच्या अंगावर, मानेवर, पाठीवर पाणी ओतलं. यंत्रावर तापमान ४१ चं ३९ झालं आणि आम्ही खूश. इथे जरा थांबते कारण हा भाग मला स्वतःला नंतर कळला आणि तेव्हा पोटात गोळा आला.

घोडेवाल्यांचा एक ढोबळ हिशोब आहे : फॅरेनहाइटमधलं तापमान आणि आर्द्रतेचा टक्का यांची बेरीज करायची. १३० च्या खाली असेल तर घोडा स्वतःचं स्वतः सांभाळतो, १५० च्या वर गेलं की जपायचं, १८० च्या आसपास घामाचा उपयोगच होत नाही कारण तो सुकत नाही. आमचं आधी होतं १०६ अधिक ४५, म्हणजे १५१. पाणी मारल्यावर तापमान उतरलं, पण बंद डब्यात ते सगळं पाणी वाफ होऊन हवेतच राहिलं, आर्द्रता ७० वर गेली. १०२ अधिक ७०, १७२. आम्ही फ्लोटचं सौना करून ठेवलं होतं. वर कॅनमधलं पाणीही उन्हाने कोमट झालेलं.

पाणी मारणं चूक नाही, उलट घोडा गार करायला पाण्यासारखं दुसरं काही नाही. भरपूर, गार, सतत, सगळ्या अंगावर, पुसत बसायची पण गरज नाही. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या वेळी यावर बराच अभ्यास झाला होता आणि "गरम घोड्यावर गार पाणी टाकलं की स्नायू आखडतात" हा समज तेव्हाच मोडीत निघाला, तरी आपल्याकडे अजून जुने लोक हेच सांगतात. टोकियोला, म्हणजे २०२१ मध्ये, जिथे आपला घोडेस्वार फवाद मिर्झा इव्हेंटिंगमध्ये (ड्रेसाज, क्रॉसकंट्री आणि जंपिंग मिळून एक स्पर्धा) सेन्यॉर मेडिकॉट या घोड्यावर उतरला आणि २३ वा आला, तिथेही क्रॉसकंट्री सकाळी लवकर घेतली आणि जंपिंग संध्याकाळनंतर. पण हे सगळं मोकळ्या हवेत. आपला प्रश्न वेगळा, बंद पत्र्याच्या डब्यात वारा नसताना चार मग कोमट पाणी. तिथे दोन्ही बाजूंची दारं-खिडक्या सताड उघडून, बॅटरीचे पंखे लावून मग पाणी मारायला पाहिजे, आणि शक्य असेल तर सर्व्हिस रोडने रांगत रांगत का होईना पुढच्या पंपाच्या शेडखाली जायला पाहिजे. हायवेवर घोडा उतरवायचा नाही, ते मात्र आम्ही बरोबर केलं.

दुसरी चूक तिथेच झाली आणि ती जास्त शहाणपणाच्या भरात झाली. मी कॅप्टनला इलेक्ट्रोलाइटची पेस्ट दिली, सिरिंजने तोंडात. घोड्याच्या घामात मीठ खूप असतं, आपल्या घामापेक्षा किती तरी जास्त, आणि गंमत म्हणजे पाणी आणि मीठ दोन्ही एकत्र गेल्यामुळे रक्त घट्ट-खारट होत नाही, त्यामुळे मेंदूला तहानेचा निरोपच जात नाही. घोडा कोरडा पडतो आणि पाण्याकडे बघत नाही. म्हणून मीठ देतात, की तहान लागावी. पण ते आधीपासून, खाण्यातून द्यायचं आणि वर पाणी प्यायला लावायचं. जो घोडा पीतच नाहीये त्याच्या पोटात घट्ट मिठाची पेस्ट ढकलली तर ती शरीरातलं उरलंसुरलं पाणी पोटात ओढते. पेस्टनंतर कॅप्टन दीड लिटर प्यायला आणि बस.

कॅप्टनची हिरडी मी तिथे दाबून बघितली, बोट काढल्यावर रंग परत यायला दोन सेकंदांच्या वर, थोडी चिकट. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश बसली. मामा म्हणाले, ताई, हा कोरडा पडलाय. मी म्हणाले, पोचलो की बघू.

पोचल्यावर

रात्री १२ ला पोचलो, म्हणजे साडेबावीस तास. कॅप्टन उतरला, लोळला, गवत खाल्लं, पाणी प्यायला, या वेळी १२ लिटर. ताप १०१.४. घोड्याचं नॉर्मल ९९ ते १०१ च्या आसपास, संध्याकाळी थोडं वर जातं, दिवसभर उन्हात होता, ठीक आहे म्हटलं. पुढच्या पायांच्या मागे छातीला टेप लावून अंदाजे वजन काढतात तसं काढलं तर निघताना ४६२ होतं ते ४३८. टेपचा आकडा पक्का नसतो, पण त्याच टेपने, त्याच माणसाने, त्याच जागी मापलं होतं, त्यामुळे फरक खरा धरायचा. चोवीस किलो, म्हणजे अंगातला पाच टक्के भाग. गौरीचे ९ गेले होते.

बुधवारी सकाळी ताप १०१. मग मी थर्मामीटर डब्यात टाकला आणि दुपारी लंजवर (लांब दोरीवर गोल) हलकं फिरवलं. हे सगळ्यात मोठं, आणि सगळ्यात साधं चुकलं. लांब प्रवासानंतर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचाच, घोडा कितीही ठणठणीत दिसू दे. बुधवारी संध्याकाळी मोजला असता तर मला वाटतं तेव्हाच सापडला असता, कारण त्या रात्री त्याने अर्धी चंदी सोडली होती. अर्धी चंदी सोडली हे मामांनी मला सांगितलंसुद्धा. मी पोरांसोबत कोर्स, म्हणजे अडथळ्यांची मांडणी, बघायला गेले होते.

गुरुवारी सकाळी मामांचा फोन साडेपाचला. कॅप्टन कोपर बाहेर काढून उभा, पुढचे पाय थोडे फाकलेले, वळायला सांगितलं तर अख्खा एका तुकड्यात वळतो, मान हलवत नाही. मला आधी वाटलं पोटशूळ. बगलेकडे बघत होता, पाय आपटत नव्हता पण अंगाला हात लावू देईना. मग वाटलं पायात काही, लॅमिनायटिस (खुराच्या आतली सूज). ताप घेतला. १०३.२. श्वास मिनिटाला २८, जिथे १२ च्या आसपास हवा.

तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला : प्रवास किती तासांचा होता आणि मान कशी बांधली होती? पोटाला हातही लावायच्या आधी. मी म्हणाले साडेबावीस, आखूड. त्यांनी मान डोलावली.

मग एक प्लास्टिकची मोठी पिशवी त्याच्या नाकपुड्यांवर सैलसर धरली, एखाद मिनिट. पिशवीतलीच हवा परत ओढावी लागली की घोडा खोल श्वास घेतो, आणि खोल श्वासात छातीतले आवाज ऐकू येतात. स्टेथोस्कोप मला कानाला लावायला दिला. डावीकडे वरती सुरसुर स्वच्छ. उजवीकडे खाली, कोपराच्या मागे, कोरड्या पाचोळ्यावरून कोणी चालतंय असा आवाज, आणि त्याच्याही खाली काहीच नाही. डॉक्टरांनी बोट दाखवलं, इथे आहे. कॅप्टनने खोकून पिशवी उडवली, नाकातून पिवळसर शेंबूड आला. वास नव्हता, हे चांगलं म्हणाले, सडका वास आला असता तर हवेशिवाय वाढणारे जंतू असण्याची शक्यता वाढते आणि मग लढाई अवघड. सोनोग्राफीत उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या कडेला खडबडीत रेषा दिसल्या, बाजूला थोडं पाणी.

निदान : शिपिंग फीव्हर. प्रवासातून होणारा न्यूमोनिया, फुफ्फुसाच्या आवरणापर्यंत पोचलेला.

हे का होतं ते डॉक्टरांनी तबेल्याच्या भिंतीला टेकून जसं सांगितलं तसं सांगते. घोडा चरणारं जनावर आहे, दिवसातले कित्येक तास त्याची मान खाली असते. नाका-घशातले जंतू, धूळ, चिकट स्राव श्वासनलिकेत सतत उतरतच असतो, आणि मान खाली असली की तो उताराने परत बाहेर येतो, घोडा फुरफुरतो, शिंकतो, साफ होतो. मान वर बांधून ठेवली की सगळं आत साठायला लागतं, आणि सहा ते बारा तासात खालच्या श्वासनलिकेत जंतूंची गर्दी होते. हे निरोगी घोड्यातही होतं, थंड दिवशीही होतं. पण त्यात पाणी कमी पडलं की तो चिकट स्राव आणखी घट्ट, त्यात नाकासमोर सुक्या गवताची धूळ, त्यात बंद डब्यात मुताचा अमोनिया, त्यात ताण. आमच्याकडे यातलं एकही कमी नव्हतं.

त्यांना मी विचारलं, उन्हाने झालं का मग? ते म्हणाले, ऊन नसतं तर कदाचित निभावलं असतं. मान मोकळी असती तर उन्हातही निभावलं असतं. बघा ना, तुमची घोडी त्याच ट्रकमधून आली.

हेच खरं आहे. तीन घोडे, तोच फ्लोट, तीच हवा, तोच ट्रॅफिक जाम, तोच सौना. गौरीचा दोर सैल, तिने वाटेत एकूण २५ लिटरच्या आसपास पाणी घेतलं, तिला काही नाही. बटाट्याची मान मुळातच खाली, त्यालाही काही नाही, ते तर उतरल्या उतरल्या दुसऱ्याच्या गवतात शिरलं. मी इतके वर्षं उन्हाळी प्रवास म्हटलं की फक्त तापमान बघत होते, हवामानाचं अॅप उघडून बसायचे, आणि एक आखूड दोर मी स्वतः बांधला होता तो मला दिसत नव्हता.

उपचार

कॅप्टनची एंट्री लगेच मागे घेतली. औषधं चालू झाली की स्पर्धेचा प्रश्नच संपतो, बंदी असलेल्या औषधांची यादी मोठी आहे, पण इथे प्रश्न यादीचा नव्हता, घोडा उडी मारायच्या लायकीचाच नव्हता. ज्या मुलीचा तो घोडा होता ती चौदा वर्षांची आहे, ती रडली, मग तबेल्याबाहेर उलटी बादली ठेवून तिच्यावर दिवसभर बसून राहिली.

क्रम महत्त्वाचा होता. आधी शिरेतून सलाईन, पहिल्या दिवशी वीसेक लिटर, बाटल्या बदलून बदलून मामांचे हात दुखले. ताप उतरवायचं इंजेक्शन मी मागत होते, डॉक्टर थांबा म्हणाले, कारण कोरड्या पडलेल्या घोड्याला ती औषधं दिली तर किडनी आणि आतड्याला मार बसतो. जेंटामायसिनही किडनीवरच जातं. म्हणून आधी लघवी नीट झालेली बघितली, मग पेनिसिलिन आणि जेंटामायसिन, पुढे सावधगिरी म्हणून मेट्रोनिडाझोल. मेट्रोनिडाझोलची चव घोड्याला अजिबात आवडत नाही, त्याने चंदीच बंद केली दोन दिवस. आणि सगळ्यात स्वस्त औषध : गवत जमिनीवर, भिजवलेलं, घोडा मोकळा, मान खाली. पहिल्या संध्याकाळी त्याने मान खाली घातली आणि नाकातून जी धार लागली ती बघून कळलं की आत काय साठलं होतं.

ताप चौथ्या दिवशी उतरला. औषधं अठरा दिवस. कॅप्टन पाच आठवडे तिथेच राहिला, मामांचा पुतण्या त्याच्याजवळ थांबला, आणि सगळं मिळून खर्च लाखाच्या वर गेला. एंट्री आणि फ्लोटचे पैसे वेगळे. मी एक दिवस वाचवायला गेले होते.

गौरी उतरली स्पर्धेत, एक दांडी पाडली, बाकी छान. बटाट्याने लहान मुलांच्या क्लासमध्ये तिसऱ्या अडथळ्यासमोर लीद टाकायला थांबून वेळ घालवला.

परतीला काय बदललं

आठवड्याने गौरी आणि बटाटा आणले. या वेळी दोन टप्पे, बंगळुरूहून संध्याकाळी ७ ला निघून पहाटे धारवाड, दिवसभर चिंचेखाली मोकळे, रात्री परत गाडीत. नियम एकच केला की फ्लोट दोन तासांच्या वर उशिरा आला तर ट्रिप त्या दिवशी रद्द, पालक काय म्हणतील ते म्हणतील.

पाण्याचं जे केलं ते मामांच्या डोक्यातून आलं. निघायच्या चार दिवस आधीपासून बादलीत मूठभर गूळ विरघळवायचा. घोड्याला त्या चवीची सवय होते, मग हुबळीचं खारट पाणी असो की साताऱ्याचं, गूळ टाकला की ते "आपलंच" पाणी. शिवाय चंदी ओली करून, जवळजवळ पातळ, आणि रोज दोन मोठे चमचे साधं मीठ त्यातच, प्रवासाच्या आधीपासून. पेस्ट पेटीत आहे, पण जो घोडा पितोय त्यालाच.

गवत भिजवलेलं, जाळी खाली. खाली म्हणजे पाय अडकणार नाही एवढीच वर. दर चार तासांनी थांबा, सावलीत, इंजिन बंद, दोर सोडून मान पूर्ण खाली, वीस मिनिटं ते अर्धा तास, आणि त्या वेळात मूत भिजलेला लाकडाचा भुसा काढून नवा. पायाचे बँडेज काढले. मे महिन्यात जाड बँडेज बांधून घोडा नेणं म्हणजे आपण स्वेटर घालून लोकलमध्ये उभं राहणं. याला आमच्याकडे अजून विरोध आहे, पाय आपटला तर काय म्हणून, तर त्यावर माझं म्हणणं असं की पार्टिशनला गादी लावा.

चावणाऱ्या घोड्यासाठी आखूड दोर हा उपाय नाही, त्यासाठी डोक्याच्या उंचीला भरीव पार्टिशन पाहिजे. वेल्डरकडून दीड दिवसात झालं. दीड दिवसात.

कॅप्टन जुलैच्या पहिल्या आठवड्यात आला. तोवर पाऊस लागला होता, हवा २४-२५ डिग्री, पण थांबे तेवढेच घेतले. मी फ्लोटमध्येच होते. धारवाडला उतरवल्यावर त्याने सरळ ओल्या गवतात तोंड खुपसलं, पाच मिनिटं चरला, मग जोरात शिंकला, मामांच्या शर्टभर. मामा शर्ट बघून म्हणाले, पांढरं आहे ताई, स्वच्छ आहे. गुळाचं पाणी १४ लिटर प्यायला. मग नव्या पार्टिशनला चावला.